तुमचं आधार कुठलं?

पुण्याचा सल्ला बेळगावात चालत नाही, असं मी म्हटलं की आमच्या पुण्याकडच्या मंडळींना राग येतो. त्यांना वाटतं, मी पुण्याला नावं ठेवते. तसं काही नाही. त्या कामाला पुण्यातले लोक समर्थ आहेत. माझं म्हणणं एवढंच, की मोबाईलवर मराठीत जेवढे म्हणून 'हे असं करा, ते तसं करा' सांगणारे व्हिडिओ फिरतात, ते सांगणारा आणि ऐकणारा एकाच राज्यात राहतात असं धरून केलेले असतात. भाषा मराठी, म्हणजे सरकार महाराष्ट्राचं, म्हणजे एसटी, सातबारा आणि महावितरण. आमच्याकडे भाषा मराठी, वीज हेस्कॉमची, जमिनीचा कागद कानडी, बस वायव्य कर्नाटकची आणि लेक दिलेली गडहिंग्लजला. अशा घरात तो व्हिडिओ बघून कोणी कामाला लागलं, तर अर्ध्या वाटेत अडकतं आणि मग माझ्याकडे येतं.

शहापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला. दिवसभर चालतं ते फॉर्म भरून देणं, लाईट बिल, रेल्वेचं तिकीट, पासपोर्ट साइज फोटो आणि लॅमिनेशन. वडगाव, अनगोळ, येळ्ळूरकडून माणसं येतात, कधी खानापूरच्या बाजूनंही. त्यात बायका जास्त. दुकानात बाईच बसलीय म्हटल्यावर प्लास्टिकची पिशवी टेबलावर पालथी करायला त्यांना संकोच वाटत नाही. ती पिशवी बघण्यासारखी असते. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सोसायटीचं पासबुक, जुनं मतदान कार्ड, कुणाच्या तरी दहावीच्या मार्क्स कार्डाची घड्या घालून घालून चिरलेली झेरॉक्स, दवाखान्याची चिठ्ठी, अंगाऱ्याची पुडी, आणि या सगळ्याला मिळून एक रबर. पिशवी रिकामी झाली की माझा प्रश्न ठरलेला असतो: "आधार कुठलं?"

नवीन माणूस गोंधळतो. "आधार ते आधारच की. कुठलं म्हणजे?"

कुठलं म्हणजे पत्ता अलीकडचा की पलीकडचा. ते कळल्याशिवाय मी कुठल्याही प्रश्नाला उत्तर देत नाही. बस फुकट आहे का, दोन हजार मिळतील का, पंधराशे मिळतील का, मुलाला कुठल्या कोट्यातून अ‍ॅडमिशन मिळेल, भावानं दिलेली गाडी चालवली तर पोलीस धरतील का, या सगळ्याची सुरुवात त्या एका ओळीपासून होते.

सगळ्यात जास्त घोळ असतो तो लग्न होऊन पलीकडे गेलेल्या मुलींचा. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुली चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कागलला द्यायच्या आणि तिकडच्या इकडे करून घ्यायच्या, हे 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. नकाशावर रेघ पडली म्हणून कुणी सोयरीक मोडली नाही. पण त्या रेघेचा हिशेब आता एकदम रोख पैशात दिसायला लागला आहे. 11 जून 2023 पासून कर्नाटकात 'शक्ती' योजना आली आणि राज्यातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी 'गृहलक्ष्मी' आली, रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला महिन्याला 2000 रुपये. पलीकडे महाराष्ट्रात मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. 2024 च्या जुलैपासून 'लाडकी बहीण' सुरू झाली, महिन्याला 1500. म्हणजे मायलेकी एकाच चुलीवर वाढलेल्या, पण आईचं सरकार वेगळं आणि लेकीचं वेगळं.

2024 मध्ये लाडक्या बहिणीचे अर्ज घेत होते, तेव्हा एक अक्का लेकीला घेऊन आल्या होत्या. लग्न होऊन वर्ष झालेलं, आधारवर पत्ता अजून माहेरचा.

"सासरची मागं लागलीत, पत्ता बदल म्हणून," अक्का म्हणाल्या. "खरं बदलला तर माहेरला यायला हिला तिकीट पडंल की."

लेक मान खाली घालून मोबाईल बघत होती. मी विचारलं, "तिकडं लाडक्या बहिणीचा अर्ज भरला काय?"

"नाही मावशी. पत्ता इकडचा म्हणून थांबलोय."

अक्कांचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. कर्नाटकच्या बसमध्ये शून्य रुपयांचं तिकीट मिळतं ते कर्नाटकातल्या रहिवासी बाईला. पत्ता बदलला की ती सवलत जाते, हे खरं. पण ती सवलत तशीही राज्याच्या हद्दीपुरती आणि साध्या गाड्यांपुरती. राजहंस, ऐरावतमध्ये ती चालतच नाही. आंतरराज्य गाडीत चढताना कुठपर्यंत शून्य आणि कुठून पुढं पैसे, हे कंडक्टरला आधी विचारून घ्यावं. आणि शून्य रुपयांचं असलं तरी तिकीट मागून हातात घ्यायचं. 'फुकटच आहे, तिकीट कशाला' म्हणून बसून राहिलेल्या बाईला तपासनीस आल्यावर दंड होऊ शकतो. एसटीचं उलट. बेळगावातून कोल्हापूरला एसटीनं निघालात तर हद्दीपर्यंत पूर्ण भाडं आणि महाराष्ट्रात शिरल्यावर अर्धं. कंडक्टर ते मशीनवर जोडून सांगतो तेव्हा आकडा विचित्र येतो, आणि गाडीत दर वेळी कुणीतरी त्याच्याशी भांडतं.

आता या सगळ्यासमोर महिन्याचे पंधराशे ठेवा. लेक महिन्यातून कितीदा माहेरी येणार? सासू कितीदा पाठवणार, हे मी विचारलं नाही. शिवाय लाडक्या बहिणीच्या नियमांत एक कलम जणू आमच्याच भागासाठी घातलेलं आहे. परराज्यात जन्मलेल्या बाईनं महाराष्ट्रातल्या रहिवासी पुरुषाशी लग्न केलं असेल, तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालतं. वय 21 ते 65 आणि घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, या अटी आहेतच. माहेरचा जन्म म्हणून अर्ज होणार नाही, असं तेव्हा गल्लीत कुणीतरी सांगायचं आणि पोरी गप्प बसायच्या.

माझं मत स्पष्ट आहे. राहणं जिथं, पत्ता तिथला. पैशासाठी म्हणून नाही. उद्या बाळंतपण, अंगणवाडी, पोराची शाळा, रेशन, सरकारी दवाखाना हे सगळं सासरच्या गावातच होणार. तिथं प्रत्येक खिडकीवर 'तुम्ही इथल्या नाही' हे ऐकून घ्यायचं, ते कशासाठी? माहेरच्या बसच्या तिकिटासाठी? अक्कांना हे पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "बघ बाई तुझं तू," आणि ते मला म्हणाल्या की लेकीला, ते कळलं नाही.

पत्ता बदलायचं काम आता पूर्वीसारखं अवघड नाही. सासरी नवीन सुनेच्या नावावर ना लाईट बिल असतं ना घरपट्टी, म्हणून हे काम वर्षानुवर्षं अडायचं. जानेवारी 2023 पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं पत्ता बदलायची सोय झाली आहे. नवऱ्याचा आधार नंबर घालायचा, नातं दाखवणारा कागद जोडायचा, लग्नाचा दाखला सगळ्यात बरा. मग कुटुंबप्रमुख म्हणून त्यानं 30 दिवसांच्या आत स्वतःच्या लॉगिनमधून 'मंजूर' करायचं. अडतं ते इथंच. नवऱ्याला मेसेज येतो, तो वाचायचा राहतो, मुदत संपते आणि सूनबाई पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी अर्ज भरला की लगेच सासरी फोन लावायला सांगते. दुसरं अडतं मोबाईल नंबरवर. पोरीच्या आधारला जोडलेला नंबर भावाचा, भाऊ कामाला मुंबईला, ओटीपी त्याच्याकडे, आणि तो ड्यूटीवर. लग्न ठरलं की साड्या, भांडी यांच्या यादीत 'मुलीच्या आधारला मुलीचाच नंबर' ही एक ओळ घाला. सोनं नंतर घेतलं तरी चालतं.

नावाच्या बाबतीत मात्र घाई नको. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर हौसेनं पूर्ण नाव बदलून घेतलं की दहावीचं मार्क्स कार्ड एका नावाचं, पॅन दुसऱ्या, बँक तिसऱ्या, अशा तीन बायका एका देहात राहायला लागतात. इथं त्यात आणखी एक भर पडते. इंग्रजीत टाइप केलेलं नाव मशीन आपोआप कानडीत उतरवतं, पलीकडच्या केंद्रावर तेच मराठीत उतरतं, आणि सावंतचं सवंत होतं. केंद्रावरचा पोरगा स्क्रीन तुमच्याकडे वळवून 'बघा, बरोबर आहे का' म्हणतो, तेव्हा इंग्रजीच नाही, खालची ओळही वाचायची. येत नसेल तर वाचणाऱ्याला बरोबर न्यायचं.

पैशाच्या योजनांबद्दल एक गोष्ट जवळजवळ रोज सांगावी लागते. 'खातं आधारला लिंक आहे' आणि 'सरकारी पैसे या खात्यात येतात' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार पाच बँकांत दिलेलं असू शकतं. सरकारी अनुदान मात्र ज्या एका बँकेची नोंद शेवटी झाली, तिथंच जातं. कॉलेजात असताना स्कॉलरशिपसाठी टिळकवाडीत कधीतरी उघडलेलं खातं, त्याचं पासबुक हरवलेलं, एटीएम कार्ड मुदत संपलेलं, आणि लाडक्या बहिणीचे हप्ते निवांत तिथं जमा होत असतात. बाई गडहिंग्लजच्या बँकेत जाऊन मॅनेजरशी भांडत असते. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन केलं की 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून एक चौकोन दिसतो. तो उघडला की बँकेचं नाव येतं. भांडायला जायच्या आधी तो बघावा. मी तो उघडून दाखवला की काही बायकांचा चेहरा असा होतो, की लग्नाआधीचं कुणीतरी अचानक बाजारात भेटलं.

रेशन कार्डाचं आणि मतदान कार्डाचं लवकर सांगून टाकते. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला घेतल्याशिवाय सासरच्या कार्डावर नाव चढत नाही, म्हणून तो दाखला माहेरहून निघतानाच घ्यावा. मतदानासाठी नवा अर्ज म्हणजे फॉर्म 6 भरू नये. तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा. पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8, मग तो दुसऱ्या राज्यातला का असेना.

आता जमिनीकडे येते, कारण खरी भांडणं तिथं आहेत. चंदगडच्या बाजूला थोडी जमीन, इकडे उचगावच्या बाजूला थोडी, अशी घरं आमच्याकडे पुष्कळ. पुण्याचा भाचा सांगतो, "मामा, सातबारा ऑनलाइन मिळतो, दोन मिनिटांचं काम." मामा मोबाईलवर शोधतात, जिल्ह्यांच्या यादीत बेळगाव नाहीच. नसणारच. इकडचा उतारा 'भूमी'वर. कर्नाटकानं जमिनीची नोंद संगणकावर आणली ती 2000 सालच्या सुमारास, या बाबतीत आपण पुष्कळांच्या पुढं होतो. पण तो कागद कानडीत, आणि शोधताना खणही वेगळे. जिल्हा, तालुका झाला की 'होबळी' विचारतो. होबळी पलीकडे नाही, म्हणून तिकडच्या वारसांना ती माहीत नसते. मग गाव, सर्व्हे नंबर, आणि त्यानंतर 'सर्नॉक' नावाचा एक खण येतो, त्यात बहुतेक वेळा नुसती चांदणी असते. ती चांदणी निवडायची, मग हिस्सा. त्या चांदणीपाशी येऊन किती शिकलेली माणसं 'साइट बंद आहे' म्हणून परत गेलीत.

त्याहून मोठा घोळ आकड्यांचा. इकडच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यात, पलीकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. दोन भाऊ माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवून उभे होते. एकावर 2-20, दुसऱ्यावर 2.20. "बघा, सारखंच हाय की दोन्हीकडं," थोरला म्हणाला. "वाटणी सरळ हाय. मी इकडचं घेतो, ह्यो तिकडचं."

सारखं कुठलं! इकडचं 2-20 म्हणजे दोन एकर वीस गुंठे. एकराला चाळीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. तिकडचं 2.20 म्हणजे दोन हेक्टर वीस आर, आणि हेक्टरला जवळपास अडीच एकर धरले तर ते साडेपाच एकरांच्या घरात जातं. मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे वळवला. थोरल्यानं आकडा बघितला, मग कागद बघितले, मग धाकट्याकडे बघितलं. धाकटा छताच्या पंख्याकडे बघत होता. त्याला आधीच माहीत होतं की काय, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांनी झेरॉक्सचे पैसे दिले आणि वेगवेगळ्या बाजूंना गेले.

कानडी कागद वाचायला मोबाईलचा कॅमेरा बरा मदत करतो, ते नाकारत नाही. त्यासाठी भाषांतराचं अ‍ॅप फोनमध्ये हवं. कागद सपाट करून, उजेडात, सावली न पडता फोटो काढायचा. पत्र कशाबद्दल आहे, तारीख कुठली, कुठल्या कार्यालयात बोलावलंय, एवढं त्यातून कळतं. नावं आणि कायद्याचे शब्द यांच्यावर मात्र भरवसा नको. आडनावाचा अर्थ लावून अ‍ॅप काहीतरी भलतंच छापतं. नोटीस असेल, कोर्टाचं असेल, तर वकिलाकडे जायचं. ज्यांच्या शाळेत कानडी नव्हतं अशा माझ्या वयाच्या माणसांना मी एक सुचवते: निदान कानडी आकडे आणि मुळाक्षरं शिका. बसची पाटी, बिलावरची रक्कम, मेसेजमधली तारीख वाचता आली की दुसऱ्याला विचारायचे निम्मे प्रसंग टळतात. यात कुठं मराठीपण कमी होत नाही. आमच्या आज्ज्या बाजारात चार भाषांत घासाघीस करायच्या आणि घरी येऊन मराठीतच ओव्या म्हणायच्या.

फसवणुकीच्या बाबतीतही भाषेचाच धागा आहे. फसवणाऱ्याचा फोन बहुतेक हिंदीत येतो. इथल्या वयस्कर माणसांना घरात मराठी, ऑफिसात कानडी याची सवय. फाडफाड हिंदी ऐकली की त्यांना वाटतं, फोन वरून आलाय, दिल्लीहून, मोठ्या ऑफिसातून. आवाज आपोआप नरम होतो. 'आज रात्री साडेनऊला लाईट कट होणार, या नंबरवर फोन करा,' असा मेसेज आला की धावपळ सुरू. अहो, हेस्कॉमचा लाइनमन कधी तुमच्याशी हिंदीत बोललाय का? तो दारात येऊन कानडीत ओरडतो, फार तर मोडक्या मराठीत. हिंदीत गोड बोलतोय तो हेस्कॉमचा नव्हे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ पैसे वाचतील.

लग्नसराईत आणखी एक प्रकार येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येते. पाठवणारा कधी ओळखीचाच असतो, कारण त्याचाही फोन आधी गेलेला असतो. फाइलीच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचा प्रोग्रॅम. 'इन्स्टॉल करू का' म्हणून फोन विचारतो, आपण 'हो' म्हणतो, आणि तो आत बसून आपले मेसेज वाचायला लागतो. बँकेचा ओटीपी आपल्याआधी त्याला कळतो. गाडीच्या दंडाची पावती म्हणूनही हेच पाठवतात. चुकून दाबलंच, तर आधी मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवायचं आणि 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा. पैसे गेल्यावर जितक्या लवकर 1930 ला कळेल, तितकी ते मधल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. गल्लीच्या ग्रुपवर 'सावध राहा' असा मेसेज टाकायचं काम नंतर. आमच्याकडे उलट होतं. आधी ग्रुप, मग शेजारी, मग जावई, आणि तिसऱ्या दिवशी पोलीस.

माझ्या दुकानात पिन टाकायची वेळ आली की मी खुर्ची फिरवते आणि प्रिंटरकडे तोंड करून बसते. तरी बायका मोठ्यानं म्हणतात, "घाला की तुम्हीच मावशी, पाच, सात..." मी कानावर हात ठेवते. माझ्यावर विश्वास आहे, ही आनंदाची गोष्ट. पण उद्या त्यांच्या खात्यातून काही गेलं, तर त्या विश्वासाचं काय होईल? शिवाय हीच बाई उद्या दुसऱ्याही दुकानात असंच म्हणणार. पिन शिकवायला वेळ लागतो, मागची रांग कुरकुरते, तरी शिकवते. घरातल्या पोरांनी हे करायला हवं, पण आईला चार वेळा सांगायचा त्यांना कंटाळा येतो. 'दे इकडं' म्हणून फोन ओढून घेतात आणि सगळं स्वतःच करून टाकतात.

बारावीच्या निकालानंतर आईबापांची रांग लागते. त्यांना बाहेरचे लोक सांगतात, 'महाराष्ट्राचं डोमिसाइल काढा.' इथं जन्मलेल्या, इथं शिकलेल्या पोराला ते कुठून मिळणार? त्यांच्यासाठी महाराष्ट्राच्या सीईटीच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा रकाना आहे, महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभाग असा. महाराष्ट्रानं ज्या 865 गावांवर दावा सांगितला आहे, त्या भागातल्या शाळा-कॉलेजातून शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी तो. दाखले त्यांनी दिलेल्या नमुन्यातच हवेत, साध्या कागदावरचं पत्र चालत नाही. माहितीपुस्तिका दर वर्षी नवी येते, तीच उघडून बघायची, मागच्या वर्षी शेजारच्या पोरानं काय केलं ते नव्हे. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल कधी लागायचा तो लागो, फॉर्मची शेवटची तारीख मात्र ठरलेली असते.

प्रवासालाही हा प्रश्न मधूनच आडवा येतो. डिसेंबर 2022 मध्ये आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तापलं तेव्हा दोन्हीकडच्या बसेस हद्दीपाशी थांबल्या होत्या. अशा वेळी दवाखान्याची तारीख असलेल्या माणसांचे हाल होतात. रेल्वे सहसा चालू असते, म्हणून मी सांगते, मिरजेकडच्या गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा. तत्काळ तिकीट एसीचं सकाळी दहाला आणि साध्या डब्याचं अकराला उघडतं. 2025 च्या जुलैपासून रेल्वे तिकिटाच्या आपल्या ऑनलाइन खात्याला आधार जोडलेलं असल्याशिवाय ते ऑनलाइन मिळत नाही, तेव्हा जोडणी आजच करून ठेवावी, घाईच्या सकाळी नव्हे. सप्टेंबर 2024 पासून पुणे-हुबळी वंदे भारतही बेळगावला थांबते. महाग आहे, पण म्हाताऱ्या माणसाला बसवून नेण्यासारखी.

गाड्यांबद्दल. कोल्हापूरचा भाऊ स्वतः नवी घेतो आणि जुनी एमएच-09 स्कूटर बहिणीला देतो. प्रेमाची गोष्ट. पण दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांच्यावर राहिली की कायद्यानं तिथं नोंदवावी लागते. त्यासाठी आधी कोल्हापूरच्या आरटीओतून फॉर्म 28 वर ना-हरकत दाखला, मग इथं कर भरून केए-22. भरलेल्या कराचा उरलेला भाग पलीकडून परत मागता येतो, तो मागायला कुणी जात नाही ही वेगळी गोष्ट. स्कूटर फार जुनी असेल तर या सगळ्या खर्चाकडे बघून भावाला म्हणावं, दादा, तूच वापर, मला ओवाळणीत रोख घाल.

परवा पुण्याच्या मावसभावाचा फोन आला. मेच्या लग्नाला कारनं येणार, चौघंजण, रस्ता कसा आहे, काय काय बघावं लागेल. त्याला म्हटलं, फास्टॅगचा वार्षिक पास काढला असशील तर राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांची चिंता नाही. वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते; 2025 मध्ये पास आला तेव्हा 3000 रुपयांना होता. पेट्रोल कागलला भरू नको. कोगनोळीचा नाका ओलांडून इकडे आलास की भर, बहुतेक वेळा इकडे स्वस्त असतं. जाताना कुंदा घेणार असशील तर निघायच्या दिवशीच घे, आदल्या रात्री घेऊन गाडीत ठेवू नको, मे महिना आहे. बायकोला बेळगाव ते खानापूर बसनं फिरायचंय म्हणालास, तर तिच्यासाठी तिकिटाचे सुटे पैसे ठेव.

"का? तिकडं बायकांना फुकट आहे ना?" तो म्हणाला.

मी विचारलं, "वहिनीचं आधार कुठलं?"